सहाव्या माणसाचा प्रश्न : एडमंड्स नगर आणि ऑक्सफर्ड हाउस

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, प्युजेट साउंडच्या काठावर एडमंड्स हे लहान शहर आहे. १९९० च्या सुमारास त्याची लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एकेका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांसाठी राखून ठेवलेल्या निवासी क्षेत्रात, एक घर भाड्याने घेण्यात आले. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडत असलेल्या दहा ते बारा प्रौढांनी एकत्र राहावे, यासाठी ऑक्सफर्ड हाउस या संस्थेच्या पद्धतीचे ते घर होते. नगराने आक्षेप घेतला, घराचा मालक आणि एक रहिवासी यांच्यावर फौजदारी स्वरूपाची नोटीस बजावली, आणि पुढच्या पाच वर्षांत हा वाद थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोचला.

ज्या नियमाखाली ही नोटीस निघाली, त्यात व्यसन, दारू किंवा अमली पदार्थ यांचा उल्लेखही नव्हता. तो नियम कुटुंबाची व्याख्या करणारा होता. रक्ताच्या, दत्तकाच्या किंवा विवाहाच्या नात्याने बांधलेली माणसे, मग ती कितीही असोत, अथवा असे नाते नसलेल्या पाच किंवा त्याहून कमी व्यक्तींचा गट, म्हणजे कुटुंब, असे नगराच्या विकास नियमावलीत लिहिलेले होते. बिननात्याचा सहावा माणूस राहायला आला की ते घर नगराच्या लेखी कुटुंबाचे घर उरत नसे, आणि त्या क्षेत्रात तर फक्त कुटुंबांनाच राहण्याची मुभा होती.

लहान वस्तीने अशा निवासांवर नियम करावेत की करू नयेत, एवढ्यापुरतेच हे प्रकरण पाहिले, तर त्याचा गाभा हातातून निसटतो. नियम करण्याचा नगराचा अधिकार कोणीच नाकारला नव्हता. नियमाने कशाकडे पाहायचे हा खरा वाद होता. घर किती मोठे आहे आणि ते कसे चालते याकडे पाहायचे, की घरात राहणारी माणसे एकमेकांची कोण लागतात याकडे? एडमंड्सने फक्त नाते पाहिले, आणि तिथेच त्याची बाजू लंगडी पडली, असे माझे मत आहे.

घर कसे चालते

व्यसनमुक्ती केंद्र आणि व्यसनमुक्तांचे निवासस्थान यांत मोठा फरक आहे. केंद्रात डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक असतात, औषधे दिली जातात, शरीरातून नशा उतरत असतानाचा अवघड काळ वैद्यकीय देखरेखीखाली काढला जातो, आणि त्यासाठी राज्याचा परवाना लागतो. ऑक्सफर्ड हाउस या पद्धतीच्या घरात यांपैकी काहीच नसते. उपचार संपल्यावर माणूस जिथे जायचा, तिथे म्हणजे बहुधा जुन्या सोबत्यांत किंवा रिकाम्या खोलीत परत न जाता, नशा न करणाऱ्या इतरांबरोबर भाडेकरू म्हणून राहतो, एवढेच त्याचे स्वरूप असते. एडमंड्समधील वादात हा फरक पुसटच राहिला, आणि अशा बहुतेक वादांत तो तसाच राहतो, कारण शेजारी, नगरसेवक आणि पत्रकार या सगळ्यांच्या तोंडी दोन्हींसाठी एकच शब्द असतो.

पहिले ऑक्सफर्ड हाउस १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे सुरू झाले. उपचारानंतर काही काळ राहण्यासाठी असलेले तिथले सरकारी निवासस्थान बंद होणार असे कळल्यावर पॉल मोलॉय आणि त्यांच्याबरोबरच्या रहिवाशांनी ती जागा स्वतःच भाड्याने घेतली. घर रहिवाशांनीच लोकशाही पद्धतीने चालवायचे, खर्च रहिवाशांनीच भागवायचा, आणि जो पुन्हा नशा करील त्याला घराबाहेर काढायचे, हे तीन नियम तेव्हापासून आजवर कायम आहेत. दर आठवड्याला घराची बैठक होते. त्यात जमाखर्च मांडला जातो, कोणाचे भाडे थकले आहे ते सर्वांसमोर सांगितले जाते, कामे वाटली जातात. अध्यक्ष, कोषाध्यक्ष, चिटणीस ही पदे निवडणुकीने भरली जातात आणि एका पदावर कोणालाही सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहता येत नाही. नवा माणूस घ्यायचा तर ८० टक्के रहिवाशांची संमती लागते, पुन्हा नशा करणाऱ्याला काढायला मात्र साधे बहुमत पुरते. घरात घेताना कडक आणि बाहेर काढताना तत्पर, अशी ही रचना मुद्दामच केलेली आहे.

आठ ते बारा माणसांशिवाय असे घर पैशाच्या आणि उपचाराच्या दृष्टीने टिकत नाही, असे ऑक्सफर्ड हाउसचे म्हणणे होते. पैशाचा भाग उघड आहे. घराचे भाडे दहा जणांत वाटले, तर नुकतीच नोकरी धरलेल्या माणसाला आपला वाटा परवडतो, पाच जणांत वाटले तर परवडत नाही. दुसरा भाग तितका उघड नाही, पण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा पाय घसरतो तो पुष्कळदा एकटेपणात, कोणी पाहत नसताना. घरात दहा माणसे असली की संध्याकाळी कोणी ना कोणी स्वयंपाकघरात असतेच, कोणी उशिरा आला, कोणाचे बोलणे अडखळले, तर ते लगेच ध्यानात येते. पाच जणांच्या घरात, त्यातले दोघे रात्रपाळीला असतील तर, ते ध्यानात यायला दोन दिवस जाऊ शकतात. पाचची मर्यादा आखणाऱ्यांच्या मनात हा विचार येण्याचे काही कारणच नव्हते, कारण तो नियम अशा घरांसाठी केलेलाच नव्हता.

केंद्र सरकारने मात्र हा विचार आधीच केला होता. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८८ च्या कायद्यात, राज्यांनी किमान एक लाख डॉलरचा फिरता निधी उभारावा आणि त्यातून अशा स्वयंशासित घरांना सुरुवातीच्या खर्चासाठी चार हजार डॉलरपर्यंत कर्ज द्यावे, अशी तरतूद होती. नशा करायची नाही, करणाऱ्याला काढायचे आणि खर्च रहिवाशांनी भागवायचा, याच कर्जाच्या अटी होत्या. म्हणजे सरकारच्या एका पातळीवर ज्या घराला उत्तेजन मिळत होते, त्याच घरात राहिल्याबद्दल दुसऱ्या पातळीवर नोटीस बजावली जात होती.

नगराची बाजू

एडमंड्सची बाजू पोकळ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. निवासी क्षेत्राचे स्वरूप जपण्याचा अधिकार लहान गावांना सर्वोच्च न्यायालयानेच दिलेला होता. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचे गाव आहे, १९७० च्या दशकात जेमतेम २२० घरांचे आणि ७०० वस्तीचे. एका घरात नाते नसलेल्या दोनपेक्षा जास्त व्यक्तींनी राहू नये असा तिथला नियम होता, आणि १९७४ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. शांत जागा, मोकळे अंगण, रस्त्यावर कमी गाड्या या गोष्टी जपण्यासाठी गाव असे नियम करू शकते, असे तेव्हा मान्य झाले. त्या मानाने एडमंड्सची पाचची मर्यादा सैलच होती, आणि ती विद्यार्थी, कामगार, ख्रिस्ती जोगिणी अशा सर्वांना सारखीच लागू होती.

घर सुरू झाल्यावर नगराने एक पाऊल मागेही घेतले. सामूहिक निवासस्थानांना बहुकुटुंबीय निवासी क्षेत्रात आणि सर्वसाधारण व्यापारी क्षेत्रात परवानगी देणारा नवा नियम त्याने मंजूर केला, मात्र एककुटुंबीय क्षेत्रात हे घर राहू द्यायला नकार दिला. वरवर पाहता ही तडजोड वाजवी दिसते. पण व्यसनातून सावरलेल्या माणसाने सर्वसामान्य वस्तीत सर्वसामान्य माणसासारखे राहायला शिकावे, यासाठीच तर हे घर असते. त्याला दुकाने आणि वाहतुकीच्या गर्दीत जागा देणे म्हणजे त्या घराचा हेतूच काढून घेणे होय.

शेजाऱ्यांच्या भीतीकडेही नीट पाहायला हवे. आपल्या शेजारच्या घरात दहा अनोळखी माणसे येणार, त्यांपैकी प्रत्येकाला एके काळी व्यसन होते, आणि त्यांतला एखादा पुन्हा वळणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही, ही भीती खोटी नसते. ती दडपून टाकणे आणि तिला नियमाचे रूप देणे, दोन्ही चूकच. तिचे उत्तर घराच्या कारभारातून मिळायला हवे. घरात कोण कसा घेतला जातो, पुन्हा नशा केल्यास काय होते, अडचण आली तर कोणाशी बोलायचे, हे शेजाऱ्याला सांगता आले पाहिजे. एडमंड्सच्या नियमात हे विचारण्याची सोयच नव्हती, कारण तो नियम फक्त नाते विचारत होता.

न्यायालयात

घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणारा १९६८ चा केंद्रीय कायदा १९८८ मध्ये वाढवून अपंग व्यक्तींना लागू करण्यात आला. अपंगत्वाच्या त्या व्याख्येतून, सध्या बेकायदा अमली पदार्थ घेत असलेल्यांना वगळण्यात आले, पण व्यसनातून बाहेर पडून सावरत असलेले लोक तिच्यात येतात. एडमंड्समधील रहिवासी या व्याख्येत बसतात हे दोन्ही पक्षांना मान्य होते. त्याच कायद्यानुसार, अपंग व्यक्तीला घराचा समान उपभोग घेता यावा म्हणून नियमात वाजवी सवलत द्यायला नकार देणे हाही भेदभावच ठरतो. ऑक्सफर्ड हाउसने अशीच सवलत मागितली होती.

आपल्यावर दावा होण्याची वाट न पाहता नगराने स्वतःच दावा लावला. त्याचा आधार कायद्यातील एक अपवाद होता. एखाद्या घरात जास्तीत जास्त किती माणसांनी राहावे याबद्दलच्या वाजवी स्थानिक निर्बंधांना हा कायदा लागू होत नाही, असे तो अपवाद म्हणतो. आमचा नियम पाचची मर्यादा घालतो, म्हणून तो या अपवादात बसतो, असे नगराचे म्हणणे होते. जिल्हा न्यायालयाने ते मान्य केले, नवव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय न्यायव्यवस्थेतील अपिलांच्या नवव्या विभागाच्या, न्यायालयाने फिरवले. जॉर्जियातील अथेन्स शहराच्या तशाच एका नियमाबद्दल अकराव्या सर्किटने १९९२ मध्ये नेमका उलट निकाल दिलेला होता, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतले.

१५ मे १९९५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी जमिनीच्या वापराबद्दलचे निर्बंध आणि घरातील गर्दीबद्दलचे निर्बंध या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिल्या प्रकारचा नियम वस्तीचे स्वरूप ठरवतो, दुसऱ्या प्रकारचा नियम आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी, बहुधा खोल्यांच्या क्षेत्रफळावरून, माणसांची संख्या ठरवतो. कायद्यातील अपवाद फक्त दुसऱ्या प्रकाराला आहे, आणि एडमंड्सचा नियम पहिल्या प्रकारातला आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यासाठी गिन्सबर्ग यांनी दिलेले उदाहरण सरळ होते. दहा भावंडे, त्यांचे आईवडील आणि आजी-आजोबा असे सगळे एकाच घरात राहिले, तरी एडमंड्सच्या नियमाचा भंग होत नाही. जो नियम कितीही माणसांना राहू देतो, तो जास्तीत जास्त माणसांची मर्यादा घालणारा नियम कसा म्हणायचा?

गर्दी रोखणारा खराखुरा नियम एडमंड्सकडे होताच. त्याच नियमावलीत, दुसऱ्या प्रकरणात, खोल्यांची मापे दिलेली होती. घरात किमान एक खोली १२० चौरस फुटांची असावी, स्वयंपाकघर सोडून राहण्याच्या इतर खोल्या किमान ७० चौरस फुटांच्या असाव्यात, आणि एका खोलीत दोनपेक्षा जास्त माणसे झोपत असतील, तर प्रत्येक जास्तीच्या माणसामागे ५० चौरस फूट वाढवावेत. म्हणजे दोघांना ७०, तिघांना १२०, चौघांना १७०. दहा माणसांचे घर दाटीवाटीचे आहे की नाही, हे ठरवायला मोजपट्टी घेऊन गेलेला एक निरीक्षक पुरेसा होता. ते मोजमाप नातेवाइकांना आणि बिननात्याच्यांना सारखेच लागू होते, आणि त्याला न्यायालयात कोणी आव्हान दिले नसते.

न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांचे भिन्नमत, ज्याला अँटोनिन स्कालिया आणि अँथनी केनेडी यांची साथ होती, तेही विचारात घेण्याजोगे आहे. कायद्यात माणसांच्या कमाल संख्येबद्दलचा कोणताही वाजवी निर्बंध असे शब्द आहेत, बिननात्याच्या लोकांवर पाचची मर्यादा घालणारा नियम हा त्यांच्यापुरता तरी संख्येचाच निर्बंध आहे, आणि स्थानिक झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या भागात काय असावे हे ठरवण्याच्या, अधिकाराला केंद्रीय कायद्याने धक्का लावायचा असेल, तर तसे स्पष्ट लिहिलेले असावे, असा त्यांचा मुद्दा होता. शब्दांकडे काटेकोरपणे पाहिले, तर हा युक्तिवाद दुबळा नाही. पण तो मानला असता, तर कोणत्याही गावाला आपल्या नियमात एक आकडा घालून हा कायदा सहज टाळता आला असता.

या निकालाने ऑक्सफर्ड हाउस जिंकले, असे सरसकट म्हटले जाते. ते अचूक नाही. नगराला अपवादाचा आडोसा मिळणार नाही, एवढेच न्यायालयाने ठरवले. नगराने प्रत्यक्षात भेदभाव केला की नाही, सवलत द्यायला हवी होती की नाही, हे प्रश्न खालच्या न्यायालयांसाठी मोकळे ठेवले. तोवर राज्यानेही आपला कायदा केला होता. अपंग व्यक्ती राहत असलेल्या घराला, कुटुंब किंवा इतर बिननात्याच्या व्यक्ती राहत असलेल्या तशाच घरापेक्षा वेगळी वागणूक देणारा कोणताही नियम शहरांनी करू नये, असे वॉशिंग्टन विधिमंडळाने मे १९९३ मध्येच ठरवले होते.

सवलतीचा अर्ज आणि त्यातून निसटलेली संधी

मला या प्रकरणात सर्वांत जास्त सलते ती सवलतीच्या अर्जाची गोष्ट. तो अर्ज नगराला नियम मोडायला लावणारा नव्हता. ती वाटाघाटीची जागा होती. नगराला तिथे विचारता आले असते : घरात झोपण्याच्या खोल्या किती, त्यांची मापे काय, आगीत बाहेर पडायला वाटा किती, धुराची सूचना देणारी यंत्रे आहेत का, गाड्या किती आणि त्या उभ्या कुठे राहणार, नशा केलेल्या रहिवाशाला रात्री बाहेर काढले तर तो जाणार कुठे, आणि तक्रार आली तर कोणाला फोन करायचा. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे घराच्या आठवड्याच्या बैठकीतच तयार झाली असती. एवढे विचारून दहा माणसांना परवानगी दिली असती, तर नगराच्या हाती अटी राहिल्या असत्या. नकार दिल्यामुळे हाती काहीच उरले नाही.

अशा घरांचा उपयोग होतो का, हा प्रश्न त्या वेळी बराचसा विश्वासावर सोडलेला होता. पुढे २००६ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील लिओनार्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या १५० जणांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने ऑक्सफर्ड हाउसमध्ये, उरलेल्यांना नेहमीच्या पाठपुराव्याला पाठवण्यात आले होते. दोन वर्षांनी पहिल्या गटात नशेचे प्रमाण ३१.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ६४.८ टक्के आढळले. एक अभ्यास म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, परंतु नगरसभेत बसून केवळ अंदाजावर बोलण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

एडमंड्सचा निकाल माहीत असूनही इतर शहरांनी वेगळ्या शब्दांत तेच करून पाहिले. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचने २००८ मध्ये केलेला नियम वाचायला तटस्थ होता, पण त्याचा रोख व्यसनमुक्तांच्या घरांवर असल्याचा आरोप झाला. नवव्या सर्किटने २०१३ मध्ये तो दावा पुढे चालू दिला, आणि २०१५ मध्ये शहराने ५२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. शब्द तटस्थ ठेवले की हेतू झाकला जातो, हा समज त्या शहराला महागात पडला.

तरीही नियमांशिवाय सोडलेल्या घरांनी केलेले नुकसान तितकेच खरे आहे, आणि त्याची झळ शेजाऱ्यांपेक्षा रहिवाशांनाच जास्त लागते. फ्लोरिडातील डेलरे बीच परिसरात घरचालक विम्याच्या पैशासाठी रुग्णांची ने-आण करू लागले, दलाली घेऊन माणसे केंद्रांना पुरवू लागले. जो पुन्हा नशा करील त्याच्यावर पुन्हा उपचाराचे बिल लागते, म्हणून त्याचे घसरणेच काहींच्या फायद्याचे झाले. २०१६ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी विशेष कृतिदल नेमले, आणि २०१८ मध्ये अशी दलाली केंद्रीय गुन्हा ठरली. हे पाहिल्यावर, ऑक्सफर्ड हाउसच्या रचनेत घर चालवणारा असा वेगळा कारभारीच नाही, याचे महत्त्व कळते. जिथे भाडे गोळा करणारा त्रयस्थ असतो आणि त्याला माणशी पैसे मिळतात, तिथे राज्याने नोंदणी, हिशेबतपासणी आणि दलालीबंदी यांची जबाबदारी घ्यायलाच हवी. हे काम राज्याचे आहे. लहान नगराकडे त्यासाठी माणसेही नसतात आणि अधिकारही नसतो, म्हणून ते हाताशी असलेले झोनिंगचे हत्यार उचलते, आणि ते हत्यार चुकीच्या माणसाला लागते. ॲरिझोनाने आधी २०१६ मध्ये शहरांना आणि काउंटींना अशा घरांवर नियम करण्याची मुभा दिली आणि मग २०१८ मध्ये राज्याचा परवाना आणला. हा क्रम उलटा असायला हवा होता, असे मला वाटते.

एडमंड्सच्या निकालानंतर २६ वर्षांनी, २०२१ मध्ये, वॉशिंग्टन राज्याने कायदा करून, एका घरात बिननात्याच्या किती व्यक्तींनी राहावे यावर शहरांनी मर्यादा घालणे बंद केले. ती सूट सर्वांनाच आहे, त्यासाठी अपंगत्व सिद्ध करावे लागत नाही. राज्याच्या कायद्याखाली येणारे सामूहिक निवास आणि थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिली जाणारी घरे तेवढी या बंदीतून वगळली गेली, आणि त्याबरोबर, सर्वांना सारखी लागू असलेली, क्षेत्रफळावरून माणसे मोजणारी, आरोग्य आणि सुरक्षिततेची ती जुनी मोजपट्टीही.